कर्कदेव आला कुठून?

“मूळ कादंबरीत खलनायकच नाही. मग मालिकेतला हा कर्कदेव तुम्हाला सुचला कुठून? कुठल्या ग्रंथातून?” फोनवरच्या पत्रकाराने विचारलं.

“पुराणातले असुर, जुनी संगीत नाटकं, लोककथा...” पटकथा लिहिणारी सुनेत्रा ठरलेलं उत्तर देत राहिली. खरं सांगायची चोरी होती. खरं उत्तर सोफ्यावर पाय पसरून तीच मालिका बघत बसलं होतं.

पडद्यावर कर्कदेव आपल्या लेकीवर खेकसला, “तुला अक्कल विचारली कुणी?”

“काय नीच माणूस आहे!” सुनेत्राचे वडील हळहळले. “पोटच्या पोरीशी असं बोलतात का?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लहानपणापासून ऐकलेलं त्यांचं एकेक वाक्य तिने कर्कदेवाच्या तोंडी घातलं होतं. कधीतरी ओळखतील म्हणून. आणि हे रोज त्यालाच शिव्या घालत होते! फोन हातात तसाच धरून तिने टीव्ही बंद केला.

“अण्णा, हा माणूस ओळखीचा नाही वाटत?”

“तुला अक्कल विचारली कुणी?” अण्णा गरजले. “आधी टीव्ही लाव!”

“मालिका बघताय वाटतं?” फोनमधून पत्रकार खुशीत म्हणाला. “आत्ता कर्कदेवाचा आवाज आला!”