केरूचे दुसरे नाव

सकाळी शिपायाने कचेरीचा ओटा झाडला, आणि पालघरच्या दप्तरखान्याच्या खिडकीशी माकुणसारची रखमा सर्वांच्या आधी येऊन उभी राहिली. सोबत मुलगा केरू होता. तारापूरच्या बांधकामावर त्याला काम मिळणार होते. पण त्याने शाळा पाहिली नव्हती, त्यामुळे वयाच्या पुराव्याला जन्माचा दाखला उद्याच द्यायचा होता. शोधाची फी मागेच भरली होती. “तुमच्या घरच्या मुलग्यांच्या नोंदी आहेत, पण केरू नाही,” कारकून म्हणाला. “दुसरे नाव होते का?” “तुमीच हळू वाचा ना, भाऊसाहेब. मी मान हलवते.” “मी वाचायचे आणि तुम्ही नंदीबैलासारखे डोलायचे? नाव तुमच्या तोंडून आले पाहिजे.” केरू हसला. “आई, मला दुसरं नाव हाय?” रखमाचे पहिले तीन मुलगे गेल्यावर तान्हा चौथाही तापाने फणफणला, तेव्हा सासूने त्याला केरात ठेवून उचलले, केरू म्हटले आणि बजावले: पहिल्या नावाने हाक मारलीस आणि त्याने ओ दिली, तर मरणाला घर सापडेल. “नाव नसेल तर अर्ज निकाली काढतो,” म्हणत कारकुनाने टाक उचलला. “केरू, नकलेवर कोर्टाचं तिकीट लागंल. जा, घेऊन ये.” तो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती पाहत राहिली. मग तिने खिडकीच्या गजांशी तोंड नेले. “जनार्दन,” ती म्हणाली. “लिवा. मोठ्यानं वाचू नका.”