कोणाची हरकत?

‘कणा’ ही फुकटची, सगळ्यांना खुली असलेली संगणकप्रणाली. शलाकाने आणि तिच्या मित्रांनी ती कॉलेजात हौसेने लिहिली होती. मित्र पांगले, काम थंडावलं, उरली ती एकटीच. आज जेवता जेवता तिने मोबाइलवरून रिवाजाप्रमाणे प्रकल्पाच्या वेबपानावर लिहिलं, ‘कणा कायमचा बंद करावा म्हणते. कोणाची हरकत?’ उत्तर द्यायला होतं कोण!

“हरकत आहे,” समोर बसलेले अप्पा सपाट आवाजात म्हणाले.

शलाकाचा घास हातातच राहिला. वडिलांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. “कसली हरकत, अप्पा?”

“मी कुठे काय बोललो?” अप्पांनी आमटीचा भुरका मारला.

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून टिपणीसकाकूंचा तसाच सपाट आवाज आला, “हरकत आहे.”

अर्धांगवायूनंतर दोघांचीही वाचा परत आली होती, ती मेंदूत बसवलेल्या स्वस्तातल्या चिपमुळे. स्वस्त का, तर आतली प्रणाली फुकटची, ‘कणा’च.

तिने घाईघाईने लिहिलं, ‘बंद करत नाही.’

“आभारी आहोत,” अप्पा आणि काकू एकदमच म्हणाले.

मग अप्पांनी ताट पुढे केलं. “भात वाढ गं.”

हे मात्र अप्पाच बोलले असावेत.