दोन मार्कांचं उदाहरण

अर्ध्या तासात क्लासच्या यंत्राने शाल्मलीच्या डोक्यात बारावीच्या इंग्रजीचे सगळे अलंकार भरले. तेवढ्या जागेसाठी एक जुनी आठवण पुसावी लागते. कुठली, ते पालकांनी फॉर्मवर लिहायचं. वडील गेल्यापासून पोर पुस्तकाला हात लावत नव्हती, म्हणून मंदाकिनीने नवऱ्याचंच नाव लिहून दिलं.

घरी येताच तिने सवयीने फोटोपुढे उदबत्ती लावली. "अहो, ऐकलंत का? लेक पास होणार तुमची."

"अपॉस्ट्रॉफी!" शाल्मलीने टाळी वाजवली. "मेलेल्या माणसाशी तो समोर असल्यासारखं बोलणं. दोन मार्क पक्के!" मग तिने फोटो निरखून पाहिला. "आई, हे कोण गं?"

मंदाकिनीच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

"उदाहरण आहे," ती म्हणाली. "पुढचा अलंकार म्हण."