मुक्कामाची जागा

एकाहत्तरच्या लढाईपासून जोधपूरला असलेला आमचा सुभेदार लालासाहेब सुट्टीवर आला, पण निम्मी सुट्टी बायकोबरोबर तिकडंच वाळूत हौसेनं तंबू ठोकून घालवून. मी अंगणात धनगराच्या पोत्यात ज्वारी मापत होते आणि हा मला तंबूची जागा कशी निवडायची ते शिकवत होता.

"आये, शहरापास्नं जीपनं तासाभरात पोचाय पायजे. वाऱ्याला टेकडीचा आडोसा पायजे. आन् जवळपास माणूस नको."

"आन् पाणी?"

"ते बरोबर न्यायचं."

"मग येवढ्या लांब कशाला गेलास? आपल्या जतात टेकडीबी हाय, आन् पाणीबी न्हाई."

सूनबाई पदराआड हसली. लालासाहेबानं घड्याळ बघितलं. सांजच्या यष्टीनं दोघं सांगलीला दोस्ताकडं निघाली होती.

"ह्याला ज्वारी कशापायी?" त्यानं धनगराकडं बघून विचारलं.

"त्याची मेंढरं आज रातभर आपल्या रानात बसत्याली. लेंड्यांचं खत हुतंय. फुकट कोण बसतंय व्हय?"

मी पायली पुन्हा काठोकाठ भरली आणि लालासाहेबापुढं धरली.

"तू बोल, सुभेदार. आईच्या घरात एक रात मुक्काम करायचं काय घेतोस?"