पैलवानाचा आवाज

"आबा, मी परत जाणार न्हाई. मारतोय त्यो. हितंच ऱ्हाऊ का?"

सारिका खाटेपाशी बसून विचारत होती. पिशवी अजून खांद्यालाच होती.

हिंदुराव पैलवानांचं अंग आणि वाचा लकव्यानं नेली होती. आता मनातले शब्द कपाळावरची पट्टी टिपायची आणि उशाची पेटी ते त्यांच्याच आवाजात बोलायची. शब्द अर्धवट आला, तर उरलेलं ती माणूस कसला आहे ते बघून भरायची. बसवणाऱ्यानं माहितीत 'कुस्तीगीर, खेडेगाव, एका मुलीचा बाप' एवढंच घातलं होतं. असले बाप पेटीनं शेकडो सिनेमांत ऐकले होते.

बायको गेल्यावर याच लेकीच्या वेण्या त्यांनी तालमीच्या पायरीवर बसून घातल्या होत्या. 'थांब पोरी, हे घर तुझंच हाय,' त्यांनी जीव एकवटून मनात म्हटलं. पट्टीला त्यातलं 'पोरी' आणि 'घर' एवढंच सापडलं.

"पोरी," पेटी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दिल्या घरी सुखानं नांद. पैलवानाची लेक हार मानत नसती."

सारिकानं खांद्यावरची पिशवी सावरली. मग आबांच्या पायांवर डोकं ठेवून उठली.

'थांब,' हिंदुराव आतल्या आत ओरडले. 'थांब, थांब.'

"जा," पेटी गरजली. "आणि माघारी वळून बघायचं न्हाई."

तिनं आबांचा शब्द कधी मोडला नव्हता. वळून बघितलं असतं, तर त्यांच्या कानांपर्यंत ओघळलेलं पाणी तिला दिसलं असतं.