पदराखालचा भाव

हाजराबीनं बिस्किटांचा जुना डबा उघडला, आतली सिगारेटची कार्डं एकेक करून हातात घेतली आणि उजेडाकडे धरून उलटीपालटी करून बघितली. गल्ल्यावर बसलेला विरूपाक्ष मान लांब करून बघत होता.

डबा त्याच्या थोरल्या बहिणीचा, गौरम्माचा. वडील सिद्रामप्पा वारले तेव्हा दुकान आणि मागची विहीर लेकाकडे गेली, लेकीला मिळाला हा डबा. निजामाच्या काळात सिगारेटच्या पाकिटातून रंगीत चित्रं निघायची. जहाजं, पक्षी, राजेरजवाडे, आगगाड्या. सिद्रामप्पांनी जन्मात सिगारेट ओढली नाही, गळ्यातल्या लिंगाची चाड होती. पण त्यांच्या अडतीच्या दुकानावर येणारे व्यापारी ओढायचे आणि चित्रं अप्पांना देऊन जायचे. वाटणीच्या दिवशी विरूपाक्ष म्हणाला होता, अक्काच्या वाट्याला अख्खी आगगाडी आली, आता फक्त कोळसा घाला.

पण ते दिवस पाण्यापावसाचे होते. आता लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. गल्लीतल्या सगळ्या आडांनी तळ दाखवला. पाणी राहिलं ते एकट्या सिद्रामप्पांच्या विहिरीला, आणि तिच्यावर विरूपाक्षानं लोखंडी झाकण टाकून कुलूप लावलं. पाणी टँकरनं नव्या कचेऱ्यांच्या बांधकामाला जायचं. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन स्टेशनापर्यंत तंगडतोड करायच्या, त्यात गौरम्माही. ती भावाला विनवून थकली, भांडूनही थकली. अप्पांनी पाण्याला कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि त्यांच्याच विहिरीवर कुलूप बघून तिचा जीव तुटायचा. ते कुलूप निघावं, दुसरं तिला काही नको होतं.

अशात तिनं नांदेडहून हाजराबीला बोलावून घेतलं. हाजराबीचा जुन्या वस्तूंचा धंदा होता. नवरा गेल्यावर तीच दुकान बघायची. अप्पांचा माल आहे, भाव भावाच्या डोळ्यांदेखत होऊ दे, असा गौरम्मानं हट्ट धरला आणि ती दुकानाच्या ओट्यावरच बसली.

"भाव अप्पांच्या रीतीनं सांग," ती म्हणाली आणि दोघींच्या हातांवर तिनं पदर टाकला.

अडतीवर तेव्हा भाव रुमालाखाली व्हायचा. बोट धरलं तर शेकडा, मनगट धरलं तर हजार, कोपर धरलं तर दहा हजार. नुसती मूठ वळली तर मालात दम नाही. हाजराबीला ही रीत धंद्यातून ठाऊक होती, लेकीला अप्पांनी शिकवली होती. लेकाला शिकायला सवड नव्हती.

पदर हलला, थांबला, पुन्हा हलला. विरूपाक्षाला दिसला तो फक्त पदर. हाजराबीनं घाम पुसला, महिन्याभरात परत येते म्हणाली आणि चहा न घेताच बसस्टँडकडे गेली.

"किती, अक्का?" विरूपाक्षानं विचारलं.

"पदराखालचा भाव तोंडानं सांगत न्हाईत."

"पर अंदाज? माझ्या हिरीएवढा तरी हाय का?"

"जास्त हाय," गौरम्मा शांतपणे म्हणाली आणि डबा काखोटीला मारून घरी गेली.

त्या दिवसापासून विरूपाक्षाचं धंद्यातून लक्ष उडालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी गत. चार दिवस त्यानं बहिणीच्या दाराशी खेटे घातले आणि पाचव्या दिवशी स्वतःच बोलला, हीर घे, डबा दे.

"नीट इचार कर, विरूपाक्षा," ती म्हणाली. "मागून मला बोल लावू नको."

तिचं हे नाही-नाही ऐकून तो आणखीच पेटला. कागद झाले. त्याच संध्याकाळी गौरम्मानं झाकण काढलं, कुलूप उकिरड्यावर भिरकावलं आणि गल्लीला हाक मारली. बायांनी विहिरीला हळदकुंकू वाहिलं. जगदेवी म्हातारी काठावर बसून रडली. गौरम्माचा आनंद पोटात मावत नव्हता. रहाट ती कुणाला हातच लावू देईना.

इकडे विरूपाक्षाला महिना धीर निघेना. तो डबा घेऊन बसवंत भंगारवाल्याकडे गेला. बसवंतनं कार्डं तराजूत टाकली आणि रद्दीचा भाव सांगितला. ही बातमी त्याच्याआधी गल्लीत पोचली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणू लागले. पदराखाली नुसती मूठ वळली असणार, हे आता पोरासोरांनाही कळलं. गौरम्मानं भावाला बरोबर पाणी पाजलं म्हणून रहाटावर तिचं कौतुक व्हायचं. ती हसायची आणि पोहरा सोडायची. विरूपाक्षानं डबा माळ्यावर फेकला आणि बहिणीशी बोलणं टाकलं.

महिना सरला आणि भर दुपारी हाजराबी विहिरीवर आली. काखेत कापडी पिशवी घट्ट धरलेली. हैदराबादच्या शौकिनानं रोख पाठवली आहे, डबा काढ, असं ती धापा टाकत म्हणाली.

"ह्या हिरीच्या बदल्यात डबा विरूपाक्षाकडं गेला," गौरम्मा म्हणाली. "दुकानात जा, त्याला दे पैसे. माळ्यावरचा डबा माग."

"त्याला?" हाजराबीनं पिशवी छातीशी धरली. "अगं, मी कोपर धरलं होतं तुझं. दोनदा. त्यात असल्या दोन हिरी आल्या असत्या, तुला ठावं होतं की."

गौरम्मानं पोहरा वर ओढला आणि जगदेवीच्या घागरीत ओतला.

"आल्या असत्या," ती म्हणाली. "पानी कुठून आनलं असतं?"