रानयोद्धा मरत नाही

"पुन्हा वाचला," मास्तर म्हणाला आणि त्याने फासा टेबलावर टाकून दिला.

रानयोद्धा पुरात वाहून गेला नाही. लांडग्यांना पुरून उरला. अन्नपाण्यावाचून खंगलासुद्धा नाही. टेबलावर पसरलेल्या नकाशात, कड्याच्या अगदी टोकाशी, तो बोटभर उंचीचा पुतळा ताठ उभा होता. धाकटी त्याच्यावरची नजर काढत नव्हती.

कल्पित राज्यांतले, फाशांवर खेळायचे खेळ बनवणारी ती दोन खोल्यांची कचेरी. तिथे एक रीत होती. ज्याने नवा वीर रचला, त्यानेच तो खेळायचा, आणि मास्तरने त्याला मारायचं. मास्तर म्हणजे खेळ चालवणारा. पूर, श्वापदं, अंधार, सगळं त्याच्या हातात. वीर एकदा तरी मेल्याशिवाय खेळाच्या पुस्तकातलं त्याचं पान छापखान्यात जात नसे. जो मरूच शकत नाही, त्याला घेऊन खेळण्यात कसली आलीय मजा? ही रीत खुद्द धाकटीनेच पाडली होती.

"मी काही केलं की तू नवी ताकद लिहितेस," मास्तर म्हणाला. "याला अंधारात दिसतं, हा वाट चुकत नाही, याला भूक नाही, तहान नाही. अगं, माणूस आहे की अमरपट्टा बांधून आलाय?"

"तो आहेच तसा."

'तो' म्हणजे कोण, हे मास्तरला ठाऊक होतं. धाकटीचा दादा एकटाच रानात गेला होता आणि परतला नव्हता; टेबलावरचा नकाशा धाकटीने त्याच रानावरून काढला होता. शोधपथक कड्यावर फिरत होतं, आणि आज सूर्य मावळला की शोध थांबवणार, असं पथकप्रमुखाने सकाळीच फोनवर सांगितलं होतं. घरात बसवेना म्हणून धाकटी कामावर आली होती. एकटीने घरात बसवेना म्हणून वहिनीही तिच्याबरोबर आली होती. ती खिडकीशी बसली होती, फोन मांडीवर ठेवून. समोरच्या चहावर साय धरली होती.

ऊन भिंतीवर वर वर सरकत होतं. हा शुद्ध वेडेपणा आहे हे धाकटीलाही कळत होतं, पण इथे पुतळा आडवा झाला की तिथे दादा गेला, असंच तिला वाटत होतं. तिने पेन्सिल उचलली आणि कागदावर लिहिलं, थंडी बाधत नाही.

"मला दे बघू तो," वहिनी म्हणाली.

वहिनीने जन्मात हा खेळ खेळला नव्हता. दादा आणि धाकटी फासे घेऊन बसले की ती म्हणायची, घोड्याएवढे झालेत आणि बाहुल्या खेळतायत. आज तिने खुर्ची ओढली आणि पुतळा चिमटीत धरला.

"काय करायचं असतं यात?"

"काय घडलंय ते मी सांगायचं," मास्तर म्हणाला, "आणि हा काय करेल ते तुम्ही सांगायचं. पण राहू द्या, वहिनी. आत्ता नको."

"सांगा तुम्ही."

मास्तरने धाकटीकडे पाहिलं. "वाट चुकलीय," तो हळूच म्हणाला. "धुकं उतरलंय, अंधार पडतोय. वर कडा आहे, तिथून सगळा मुलूख दिसतो. खाली घळ आहे, घळीत ओढा. हा काय करतो?"

"वर चढतो," धाकटी म्हणाली.

"तो कशाला चढतोय?" वहिनीने पुतळा खाली घळीच्या तोंडाशी आणून ठेवला. "घरात माळ्यावरचा डबा काढायचा तर मला शिडी धरायला लावतो. खाली बघितलं की डोळे फिरतात त्याचे. आणि अंधार पडल्यावर तर एक पाऊल पुढे टाकायचा नाही. बसला असेल एखाद्या दगडाआड, मुटकुळं करून."

"पण तो तर सांगायचा... ते सुळके, ते रात्रीचे चढ..."

"तुला सांगायचा. तू आ वासून ऐकायचीस ना, मग त्याला थांबता येईना. अगं, तो पाखरं बघायला जातो रानात. सपाटीवरून, मळलेल्या वाटेने."

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली. माणूस कसा आहे, संकटात काय करेल, असं पथकप्रमुखाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. वहिनी तेव्हा बोलण्याच्या शुद्धीत नव्हती. सगळं धाकटीनेच सांगितलं होतं, आणि छाती फुगवून सांगितलं होतं. रानात त्याचा हात धरणारं कोणी नाही, तो थेट वर जाईल, तुम्ही वरच बघा.

"वहिनी, मी त्यांना कड्यावर पाठवलंय," ती म्हणाली. "सगळ्यांना. खाली घळीत कोणी बघितलेलंच नाही."

धाकटीने वहिनीचा फोन उचलला आणि नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. पलीकडे वाऱ्याचा घोंघावता आवाज आला आणि त्यातून पथकप्रमुखाचा थकलेला.

"ताई, आम्ही आवरतोय आता."

"आवरू नका! तुम्ही भलत्याच माणसाला शोधताय."

"म्हणजे?"

तिने वहिनीकडे पाहिलं.

"ताई, उजेड थोडा राहिलाय. पटकन सांगा, माणूस नेमका कसा आहे?"

तिने फोन वहिनीपुढे केला. वहिनीने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"भित्रा आहे हो तो," ती म्हणाली. "फार भित्रा आहे. खाली घळीत बघा. आणि हाक मारताना ओरडू नका एकदम, घाबरेल."